उजवी तर चांगली हाय

माझी डावी छाती वाढत नाही, हे माझ्या आधी आईला कळलं. बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी तेरा वर्षांची होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. पण त्या साली गाळायला ऊसच नव्हता, आप्पा घरी बसून होते. लोहाऱ्याच्या अलीकडं पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं, तिथं आई आणि मी जायला लागलो. आई खोदायची, मी मातीची पाटी वाहायची. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी भरड पीठ, मिळायची, ती आम्ही पाण्यात कालवून खायचो.

आंघोळ आठवड्यातून एकदा. कोरड्या नदीच्या वाळूत झिरा खणून बायका पाणी काढायच्या आणि साडीचा आडोसा धरून एकमेकींना आंघोळ घालायच्या. आईनं माझं डोकं धुतलं, पाठ घासली, मला पुढं वळवलं आणि तिचा हात थांबला. उजवीकडं लिंबाएवढं आलं होतं. डावीकडं काहीच नव्हतं. बोंड आत ओढलं गेलेलं, आणि त्याच्याखाली एक पांढरी, आडवी रेघ. ती रेघ मी लहानपणापासून बघत आले होते. ती सगळ्यांनाच असते असं मला वाटायचं.

"दुखतंय का गं?" आईनं विचारलं.

"न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे. दुष्काळ हाय, अंगाला काय लागंना झालंय. पाऊस पडला की भरंल ती बी बाजू."

मला ते खरं वाटलं. त्या साली सगळंच वाळलेलं होतं. आमची म्हैस आटली होती, आईच्या हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मग माझी एक बाजू भरायची राहिली तर त्यात काय नवल? पुढच्या साली पाऊस पडला. ज्वारी आली, कारखान्याचा भोंगा वाजला, आप्पा कामावर गेले. उजवी बाजू भरत गेली. डावी होती तशीच राहिली.

त्यानंतर आईनं मला शिंप्याची पायरी चढू दिली नाही. माझे परकर, पोलकी, पुढं ब्लाऊज, सगळं ती हातानं शिवायची. डाव्या बाजूला जुन्या लुगड्याची घडी आणि आत कापूस घालून तिनं एक गादी केली होती. ती आतून चार टाक्यांनी अडकवायची. उन्हाळ्यात घामानं ती भिजून जड व्हायची आणि आंबूस वास यायचा. ह्या गोष्टीबद्दल आमच्यात बोलणं असं काही झालं नाही. दर दिवाळीला आई जुनी गादी उसवायची, नवीन भरायची आणि माझ्या हातात द्यायची. आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं.

मी डी.एड. केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. आमच्या बौद्धवाड्यातली नोकरी करणारी मी पहिलीच मुलगी. आप्पांनी कारखान्यात पेढे वाटले. शाळेत जायला लागून महिनासुद्धा झाला नसेल. मी भिंतीवर नकाशा टांगत होते. दोन्ही हात वर केले आणि गादीचे टाके सुटले. गादी सरकून गळ्याच्या हाडापाशी येऊन बसली. मी वर्गाकडं वळले तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी काळजीनं म्हणाली, "बाई, तुमाला गाठ आलीया."

मी पदर घट्ट धरून उरलेला तास तशीच उभी राहिले. मुलं हसली नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्याच सुमाराला स्थळं यायला लागली. एक मुलगा मला मनापासून आवडला होता. उमरग्याकडचा, तलाठी होता. मी आईला न विचारता, त्याला घराबाहेर पाणी द्यायला गेले तेव्हा सांगून टाकलं, "माझ्या छातीची एक बाजू वाढलेली न्हाय. नंतर कळण्यापेक्षा आत्ता सांगते." त्यानं तांब्या खाली ठेवला आणि "बरं केलंत सांगितलं ते," असं म्हणाला. इतक्या चांगल्या शब्दांत म्हणाला की मला वाटलं, जमलं. आठ दिवसांनी निरोप आला की मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही. पुढच्याच महिन्यात त्याचं लग्न झालं.

आई मला त्यावरून रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "तुला म्या सांगितलं हुतं का, बोल म्हणून?"

कुटुंबनियोजनाच्या शिबिराला आमच्या शाळेच्या खोल्या घेतल्या होत्या. तिथं आलेल्या लेडी डॉक्टरला मी दाखवलं. तिनं बघितलं, रेघेवरून बोट फिरवलं आणि मुंबईच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. तिथं प्लास्टिक सर्जरीचा वेगळा विभाग आहे म्हणाली. 'प्लास्टिक' ऐकून आई घाबरली. तिला वाटलं बादली-मगाचं प्लास्टिक अंगात घालणार. आप्पांना आम्ही सांगितलं, छातीत दुखतं, मोठ्या डॉक्टरला दाखवायचंय. सोलापूरपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. आई आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसली, ती माझ्यासाठी.

तिथले सर्जन वयानं मोठे, हळू बोलणारे होते. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं आणि आईला विचारलं, "हे जन्मापासून नाही. हिला लहानपणी इथं गळू झालं होतं का?"

आई खाली बघत म्हणाली, "व्हय. बारा दिवसांची हुती. लई पू झाला हुता. कंपाउंडरनं चिरलं."

"त्याच्या आधी कुणी छाती पिळली होती?"

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "सुईणीनं पिळली हुती. आमच्याकडं समद्यांचीच पिळत्यात सायेब. न्हाय पिळली तर पुढं पोरीची छाती लई मोठी हुती म्हणत्यात."

सर्जननी समजावून सांगितलं. मूल जन्मलं की मुलगा असो की मुलगी, त्याची छाती थोडी फुगते. आईच्या रक्तातून आलेलं असतं ते. थेंबभर दूधसुद्धा येतं. हात लावला नाही तर आपोआप बसतं. पिळलं की आत जखम होते, पू होतो, आणि पुढं जिच्यातून छाती वाढायची ती कळीच जळून जाते. "तेवढ्याशा कळीतच सगळं असतं," ते म्हणाले. आई ऐकत होती. मी आईकडं बघत नव्हते.

ऑपरेशन झालं. डाव्या बाजूला त्यांनी सिलिकॉनची पिशवी बसवली. आठव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा मी मान खाली घालून बघितलं आणि मला रडू आलं. उजवीसारखी अगदी नव्हती, पण होती. परत येताना सोलापूरच्या स्टँडवर मी आईला म्हणाले, "मला शिंप्याकडून ब्लाऊज शिवायचाय." त्याच दुपारी शिवायला टाकला. शिंप्यानं माप घेतलं, वहीत लिहिलं. त्याला काहीही वेगळं वाटलं नाही. आई दुकानाबाहेर पायरीवर बसून होती, आणि माप घेऊन होईपर्यंत तिनं एकदाही आत बघितलं नाही.

वर्षाच्या आत लग्न ठरलं. मुलगा सहकारी सूतगिरणीत कामाला, शांत स्वभावाचा. मी त्यांना तेव्हा 'हे' म्हणायचे, आजही तेच म्हणते. पांढरी साडी नेसून विहाराच्या अंगणात लग्न झालं. आईनं आधीच बजावलं होतं, "आता दोनी बाजू हायत. सांगायचं काय ऱ्हायलंय?" मी लग्नाआधी सांगितलं नाही. ती माझी चूक होती की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी मात्र मी सांगितलं, कारण टाक्यांची खूण दिसणारच होती.

त्यांनी ती खूण निरखून बघितली. मग विचारलं, "म्हंजी आत रबर हाय?"

"रबर न्हाय. पिशवी हाय एक. औषधाची."

"दाबली तर फुटंल का?"

"न्हाय म्हणलेत डॉक्टर."

ते रागावले नाहीत. फसवलं असंही म्हणाले नाहीत. पण त्या बाजूला त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही. घरात काचेचं भांडं असावं तसे ते डाव्या बाजूला जपून असायचे. माणूस चांगला असला की त्याच्याशी भांडतासुद्धा येत नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पिशवी घट्ट व्हायला लागली. आधी वाटलं, थंडीमुळं असेल. मग ती कवठासारखी टणक झाली आणि हळूहळू वर सरकायला लागली. त्यातच दिवस गेले. उजवी बाजू भरून जड झाली, खाली आली. डावी वर, गोल आणि कडक. दोन वेगवेगळ्या बायकांची छाती एका अंगावर असावी तसं दिसायला लागलं. पदर घ्यायची जुनी सवय पुन्हा सुरू झाली.

बाळंतपणाला मी माहेरी गेले. मुलगी झाली. पाचव्या दिवशी न्हाऊ घालणारी बाई बाळाला पायावर घेऊन म्हणाली, "छाती भरलीया पोरीची. पिळून काढती." चुलीपाशी बसलेली आई इतक्या जोरात ओरडली की बाळ दचकलं. "हात लावशील तर बघ! काढ हात!" बाईला काही कळेना. आईनं बाळ तिच्या पायावरून उचलून घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. त्या दिवसानंतर बाळाची आंघोळ मीच घातली. आई पाणी तापवून द्यायची, पण बाळाच्या अंगाला हात लावायची नाही.

मुलगी दीड वर्ष उजव्या बाजूला प्याली. सवयीनं कधी डाव्या बाजूला डोकं टेकवलं की तिला टोचायचं, ती तोंड वाकडं करून दुसरीकडं वळायची. बोलायला लागल्यावर तिनं तिथं चापट मारली आणि म्हणाली, "दगल." दगड. आम्ही सगळे हसलो. मी पण हसले.

पुढं दुखणं वाढलं. डाव्या कुशीवर झोपता येईना. हात वर करून फळा पुसता येईना. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा मी पुन्हा मुंबईला गेले. आई सोबत आली. मुलगी सासूबाईंकडं ठेवली, ह्यांना गिरणीतून सुटी मिळाली नाही.

सर्जन तेच होते, केस पिकले होते. त्यांनी दाबून बघितलं आणि सांगितलं, "शरीरानं पिशवीभोवती स्वतःचं एक कवच धरलंय. ते आवळत चाललंय. पिशवी वाईट नाही, शरीर वाईट नाही, काही जणींना असं होतं. का होतं ते आम्हालाही नीट माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा शिकाऊ डॉक्टर माझ्या खाटेभोवती उभे राहिले. मला कंबरेपर्यंत उघडं करून सरळ बसवलं. एकानं टेप घेतला. गळ्याच्या खळीपासून उजव्या बोंडापर्यंत, मग डाव्या. मग बोंडापासून खालच्या घडीपर्यंत. आकडे इंग्रजीत बोलायचा, दुसरा लिहून घ्यायचा. निळ्या पेनानं माझ्या अंगावर रेघा ओढल्या. मग फोटो काढले, चेहरा सोडून. मी वर्गात मुलांना फूटपट्टीनं मोजायला शिकवते. तिथं बसल्या बसल्या मी त्या शिकाऊ डॉक्टरनं टेप वाकडा धरलेला बघत होते, आणि मला सांगता येत नव्हतं की सरळ धर.

मग सर्जन बोलले. कवच काढायचं, जुनी पिशवी काढायची, नवी बसवायची. पण अडचण मापाची होती. पिशव्या परदेशातून यायच्या. कधी येतील, कोणत्या मापाच्या येतील, हे त्यांच्या हातात नव्हतं. त्या वेळी कपाटात होती ती लहान मापाची.

"तुमच्या उजव्या बाजूला ती जुळणार नाही," ते म्हणाले. "म्हणून उजवी थोडी कमी करून वर उचलावी लागेल. मग दोन्ही सारख्या दिसतील. नाहीतर नुसती पिशवी काढून टाकू. दुखणं थांबेल, पण डावी बाजू पहिल्यासारखी सपाट होईल. आणि कातडी सैल पडल्यामुळं पहिल्यापेक्षा वाईट दिसेल."

"मोठी पिशवी यायची वाट बघितली तर?"

"बघा. वर्षभरात येईलही. खात्री देत नाही."

मी विचारलं, "पुढं मूल झालं तर उजवीला दूध येईल का?"

सर्जनना कुणीतरी हाक मारली. ते गेले. मागं राहिलेला शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "बहुतेक येईल. बघू."

ते 'बहुतेक' मी धरून ठेवलं. धरायला दुसरं काही नव्हतं.

मग कागद आला. नर्सनं त्यावर एक रिकामी जागा दाखवली. "इथं पतीची सही."

"मी शिक्षिका आहे," मी म्हणाले. "मी करते सही."

"तुमची खाली आहे. ही पतीची. त्याशिवाय ऑपरेशन लिस्टवर घेत नाहीत."

रोज शाळेच्या हजेरीपटावर मी सही करत होते. गावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे दाखले माझ्या अक्षरात होते. तार केली. तिसऱ्या दिवशी हे आले. गिरणीचाच खाकी शर्ट अंगावर, केसांत कापसाचे तंतू तसेच. खाटेपाशी उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. मी डॉक्टरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते कागदाकडं बघत राहिले.

"डावीचं समजलं," ते म्हणाले. "पण उजवीला काय झालंय? उजवी तर चांगली हाय."

"चांगली हाय. पण डावीसारखी व्हायला पायजे."

"चांगलीनं वाईटासारखं का व्हायचं?"

मी पुस्तकातलं शिकवणारी बाई. ते आठ तास उभ्यानं धागा जोडणारे. प्रश्न त्यांना पडला होता, मला का नव्हता पडला?

"तुला करायचंय का?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर मला नुसतं दुखणं जायला हवं होतं. आणि सपाट व्हायचं नव्हतं. पुन्हा ती कापसाची गादी नको होती. या दोन्ही गोष्टी हव्या तर वाट उजवीवरूनच जात होती. मी म्हणाले, "करायचंय." त्यांनी सही केली. पेन परत देताना म्हणाले, "मला ती डावी बी चालत हुती. म्या कधी काय म्हणलं का?"

"म्हणला न्हाय. पण हात बी लावला न्हाय," मी म्हणाले.

त्या हात न लावण्याबद्दलचं आमचं हे पहिलं बोलणं. आणि शेवटचंही. ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले, गिरणीत दोनच दिवसांची रजा दिली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी आई खाटेखाली चटई टाकून बसली होती. आजूबाजूच्या बायका जेवून पडल्या होत्या. आई एकदम म्हणाली, "सुईण न्हवती."

"काय?"

"सुईण न्हवती त्या वक्ताला. ती आठव्या दिवशी सोनारीला गेली हुती, भैरोबाला. जाताना मला सांगून गेली, छाती भरंल तर पिळत जा. म्या पिळली. तू लई रडलीस. म्या म्हणलं, भलं हुतंय पोरीचं, आनी आजून पिळली."

तिनं आपले हात मांडीवर उताणे ठेवले होते. पाटी-खोरं धरून घट्टे पडलेले हात.

"त्या डॉक्टरफुडं मला बोलता आलं न्हाय. तवापासनं सांगीन सांगीन म्हणती."

मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. तुझी चूक नाही, सगळेच करतात, असं म्हणायला हवं होतं. ते खरंही होतं. पण माझ्या अंगावर निळ्या रेघा ओढलेल्या होत्या आणि मला त्या क्षणी फक्त एवढंच दिसत होतं की आठ-दहा दिवसांची मी रडत होते. माझ्या तोंडून निघालं, "पाणी दे."

तिनं दिलं. मी प्याले. ती पुन्हा चटईवर बसली.

शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही बाजूंना आग होत होती. पहिल्या वेळी एकच दुखत होती, त्यामुळं दुसरीकडं वळून पडता यायचं. आता वळायला बाजूच नव्हती. चौथ्या दिवशी ताप आला, उजवीकडचे टाके खालून उकलले. तिथलं ड्रेसिंग रोज व्हायचं. महिनाभर मी त्या वॉर्डात होते. आई रोज माझे केस विंचरायची, मी हात वर करू शकत नव्हते म्हणून. एक दिवस विंचरता विंचरता मी तिला म्हणाले, "आई, समदेच पिळत्यात." ती विंचरत राहिली. केस ओढले गेले तेवढं कळलं, बाकी तिचा चेहरा मागं होता.

नर्सच्या खोलीत आरसा होता. निघायच्या दिवशी तिनं मला तिथं नेलं. दोन्ही लहान, दोन्ही वर, जवळजवळ सारख्या. डावी बोटभर वर होती. उजवीला बोंडाभोवती गोल आणि तिथून खाली उभी, मग आडवी अशी टाक्यांची रेघ. मी उजव्या बोंडाला हात लावला. काही कळलं नाही. पुन्हा लावला. माझं बोट मला बोटाकडून कळत होतं, छातीकडून नाही.

"येईल हळूहळू," नर्स म्हणाली.

सर्जन आले, दोन पावलं मागं जाऊन बघितलं आणि सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "उत्तम जुळलंय." खरोखर आनंद झाला होता त्यांना. मी नमस्कार केला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही, तेव्हाही नव्हता. कपाटात जे होतं त्यात त्यांनी जुळवून दिलं.

दोन वर्षांनी मुलगा झाला; या खेपेला आईच माझ्याकडं येऊन राहिली होती. तिसऱ्या दिवशी उजवी भरून आली, दगडासारखी झाली. ताप चढला. बाळाला लावलं तर ते ओढून ओढून थकायचं आणि तोंड सोडून रडायचं. दोन-चार थेंब यायचे, पिवळे. आतल्या वाटा कापल्या गेल्या होत्या. हे मला तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं. दूध तयार होत होतं, पण त्याला बाहेर यायला वाट नव्हती. आठ दिवस आई गरम पाण्याच्या फडक्यानं शेकत होती. मग दूध आतल्या आत जिरलं.

बाळ वरच्या दुधावर वाढलं. हे पहाटेच्या पाळीहून येताना गावातल्या सहकारी दूध केंद्रावरून किटली भरून आणायचे, आई ते पाणी घालून उकळायची. शेजारणी विचारायच्या, "अंगावर न्हाय का पाजत?" आई म्हणायची, "तिला शाळा असती." बाळ धडधाकट झालं. त्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. फक्त ते रडायला लागलं की माझ्या उजवीकडं काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं आणि थांबायचं.

दवाखान्यानं वर्षभरानं दाखवायला बोलावलं होतं, ते राहूनच गेलं होतं. मुलगा दीड वर्षाचा झाल्यावर मी एकटीच गेले. सर्जन निवृत्त झाले होते. नवा डॉक्टर तरुण होता. त्यानं फाईल उघडली, त्यातले माझे बिनचेहऱ्याचे फोटो चाळले. मग मला तपासलं. डावी पुन्हा थोडी घट्ट व्हायला लागली होती. त्याला ते लगेच कळलं.

"पुन्हा कवच धरतंय," तो म्हणाला. "आता सगळ्या मापाच्या पिशव्या मिळतात. हवं तर पुन्हा करता येईल. उजवीकडंही थोडं नीट करता येईल. काय त्रास आहे तुम्हाला?"

मी खुर्चीवर बसले होते. बाहेर रांगेत पंधरा-वीस बायका होत्या. काय त्रास आहे, हे कुठून सुरू करून सांगायचं, मला कळेना.

"काही नाही," मी म्हणाले.

"दुखतं का?"

"थोडं. चालतं. आता राहू दे."

त्यानं फाईलवर काहीतरी लिहिलं. मी ब्लाऊजची बटणं लावली, खालून वर, आणि सोलापूरच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टेशनवर बाकावर जाऊन बसले.